पाव्हण्याचं पाणी

पाव्हणचाराचा मले आता राग येते. कोणाच्या घरी गेलो अन् त्यानं पाण्याचा गडवा पुढं केला का माह्यं डोस्कंच सणकते. बायको म्हणते, तुमाले कोणी चांगलं केलेलं पचत नाई. नाई पचत, खरं हाये. काऊन नाई पचत ते पहिले ऐका, मंग बोला.

मी आदेश. चंद्रपुरात पाणी, माती, हवा तपासाची एक लॅब हाये, तिची जीप चालवतो. बाप वीज केंद्रात होता, ऊर्जानगरच्या क्वार्टरात मी लहानाचा मोठा झालो. सकाळी दोरीवर टाकलेला पांढरा बनियन दुपारी करडा होऊन हाती यायचा. माय राखेले शिव्या द्यायची अन् तोच बनियन पुन्हा धुवायची. त्यामुळं कोणी हवा-पाणी मोजते म्हटलं का मले भल्लं बरं वाटे. नुसत्या शिव्या देण्यापेक्षा मोजलेलं बरं, असं वाटे.

हे सांगून राह्यलो ते दिव्यानीचं हाये. नागभीडकडची पोट्टी. घरी धानाच्या बांध्या, बाप सोमाजी, माय गुणाबाई. रोवण्याच्या दिवसात मायसंग चिखलात, अन् रोवणा सरला का पाय धुवून कॉलेजात, अशी शिकली. एमएस्सी झाली तवा लोकाइनं इचारलं, आता मास्तरीण होणार का? ती म्हणे, नाई, पाणी मोजणार. गुणाबाईनं कपाळाले हात लावला. पाणी काय मोजाची गोष्ट हाये, म्हणे, पाण्याच्या गुंडानं, हंड्यानं मोजाव नाई त बकेटनं.

लॅबमध्ये ती कंत्राटावर लागली अन् पहिल्याच दिवशी माह्यावर खेकसली. बाटल्या ठेवाच्या बर्फाच्या पेटीत मी माहा डबा ठेवला होता. तिनं तो काढून माह्या हाती देला अन् म्हणली, भाऊ, उद्या तुमच्या वांग्याच्या भाजीचाच रिपोर्ट लागन. मले राग आला अन् हासूही आलं. पोट्टी तापट होती. बाटलीच्या तोंडाले कोणाचं बोट लागलं का ती बाटली बाद. शिकाऊ पोट्टे तिले पाहून हात मागं घेत.

एक गोष्ट तिनं मनाशी धरली होती अन् ती साऱ्या लॅबले ठाऊक होती. दक्षिणेतली एक मोठी संस्था आमच्या लॅबमधून एकाले रिसर्चसाठी घेणार होती. बारीकात बारीक मोजाचं शिक्षण, अन् मशीनं अशी का भरल्या तलावात चिमूटभर काई टाकलं तरी पकडतेत. जागा एकच. ती दिव्यानीले पायजे होती. जेवताना तेच, जीपमध्ये तेच. ती जागा भेटली का मी दुसऱ्याच्या बाटल्या धुणार नाई, म्हणे, कोठचं पाणी मोजाचं ते मी ठरवीन.

तिच्याकडं काम आलं इरुकगुड्याचं. कोरपन्याच्या पुढं सिमेंटच्या ट्रकाइची रांग सरली का डोंगराची चढण लागते. तिथी वरतं गोंडाइचं लहानसं गाव हाये, अशा गावाले गुडा म्हणतेत. तिथल्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड. ते दिसत नाई, त्याले वास नाई. पण लेकराइच्या दातावर तपकिरी पट्टे येतेत अन् मोठ्या माणसाचं हाडन् हाड धरते. पोचू नावाचा गडी हाये तिथी, माह्याच वयाचा. मान वळवाची असली त त्याले सारं आंग वळवाव लागते. 

काम सोपं होतं. हर महिन्याले बोरिंगचं पाणी आणाचं अन् मोजाचं. गुड्याच्या वरच्या अंगाले नाल्यावर एक बंधारा बांधला होता. त्याचं पाणी मुरून बोरिंगमधलं फ्लोराइड कमी होते का, हे पाहाचं होतं. हरिदास सर या कामाचे प्रमुख, दिव्यानीचे गुरू.

पहिल्यांदा गेलो तवा गुड्यात कोणी बसा म्हणलं नाई. बाया दारात उभ्या राहून पाहून राह्यल्या होत्या. दिव्यानीनं ओढणी कंबरेले खोचली अन् स्वतः बोरिंग हापसली. पाइपातलं शिळं पाणी निघून जाव म्हणून ती हापसतच राह्यली, अन् पाणी वाया जाते म्हणून एक बाई वरडली. मंग तिनं बाटल्या धुतल्या, भरल्या, पेटीत ठेवल्या. आकडा इतका मोठा निघाला का हरिदास सराइनं चष्मा काढून पुसला. पाण्याच्या सरकारी ऑफिसनंही मानलं, या गावाले फिल्टर द्याव लागन.

दुसऱ्यांदा गेलो तवा बोरिंगवर पोचूची सून दुर्गा उभी होती, नुकतीच पोटाशी राह्यली होती, अन् हापसता हापसता थांबून कंबर धरत होती. दिव्यानीनं तिच्या हातचा दांडा घेतला अन् तिचे सगळे गुंड भरून देले. बस. तिथीच सगळं बिघडलं. पोचूची बायको रुखमाबाई आली, दिव्यानीच्या गालावरून हात फिरवला, अन् पोट्टी त्या घरची होऊन गेली.

तवापासून आमची जीप दिसली का रुखमाबाई अंगणात खाट टाके. पाय धुवाले पाणी, मंग पेयाले पाणी, मंग काळा चहा. अन् त्याच दिवसापासून दिव्यानीच्या हातची बाटल्याइची पिशवी रुखमाबाई काढून घे. बस तू, म्हणे, आम्ही आणतो भरून. पाव्हणीनं बोरिंग हापसाव अन् घरच्याइनं पाहात राहाव, हे त्या गावात होत नाई. आमच्या झाडीपट्टीत, धानाच्या मुलखात, तरी कुठी होते? गुणाबाईच्या घरी पाव्हणा स्वतः पाणी काढाले गेला असता त तिनं गावात तोंड दाखवलं नसतं. पुण्या-मुंबईकडचा कोणी असता त बेधडक म्हणला असता, बाई, बाजूला व्हा. दिव्यानी कशी म्हणणार? पुढं केलेल्या गडव्याले नाई म्हणू नये, हे तिले मायच्या दुधासंग पाजलेलं. बाटल्या धुवाची रीत तेवढी तिनं शिकवून ठेवली, अन् रुखमाबाई ती अगदी तशीच पाळे. तोंडाले बोट नाई, आत फुंकर नाई. आम्ही खाटेवर बसून चहा पेत जाव अन् भरलेल्या बाटल्या पदरानं पुसून आमच्या पुढ्यात येत जाव्या.

अन् आकडा उतरला. एकदम उतरला, अन् उतरलेलाच राह्यला. पाऊस सरला, हिवाळा गेला, उन्हाळ्यातही वर नाई चढला. हरिदास सर असे खूश झाले का लॅबमध्ये पेढे वाटले. बंधाऱ्यानं पाणी गोड केलं, असा मोठा निबंध त्याइनं लिहिला, त्यात दिव्यानीचं नाव आपल्या नावाखाली घातलं, अन् म्हणले, पोरी, ती जागा आता तुझीच. तिनं तिथूनच मायले फोन लावला. गुणाबाईनं साऱ्या गावाले सांगून टाकलं का पोरगी मोठ्या मशीनवर चालली.

मी एकदा इचारलं होतं का पाणी सुधरलं त पोचूची मान काऊन नाई सुधरत? ती म्हणली, भाऊ, हाडात गेलेलं निघाले वर्षं लागतेत. बरोबरही होतं ते. पण इकडं पाण्याच्या ऑफिसनं आमचाच आकडा पाहून इरुकगुड्याचा फिल्टर दुसऱ्या गावाले वळवला. गुड्याले कोणी काई इचारलं नाई. बंधाऱ्यावर फोटो काढाले मात्र सगळे आले, पांढरे बूट घालून.

मंग नवीन मशीन आलं. जुनं यंत्र म्हणजे पेनासारकी एक कांडी, पाण्यात बुडवली का फ्लोराइड सांगे अन् गप्प बसे. हे नवीन पाण्यातलं सगळं वेगवेगळं करून पडद्यावर डोंगर काढे, ज्याचं जितकं त्याचा तितका उंच डोंगर. दिव्यानीनं हात बसावा म्हणून इरुकगुड्याच्या राखून ठेवलेल्या बाटल्या काढल्या. पहिल्या खेपेची एक, मंगच्या काई. मी जीपची चाबी द्याले आत गेलो त पोट्टी खुर्चीत दगडासारकी बसलेली.

"भाऊ," ती म्हणली, "हे एका जागचं पाणी नाई."

तिनं मले दाखवलं. बंधाऱ्याच्या पाण्यानं बोरिंगचं पाणी पातळ झालं असतं त सगळेच डोंगर बुटके झाले असते. इथी काई डोंगर गायबच होते अन् भलतेच नवीन उभे होते. पहिल्या बाटलीतलं पाणी खडकाच्या पोटातलं, बाकी सगळ्या बाटल्याइतलं वाळूतलं. ती बोलत होती अन् बोलता बोलता बाटल्याइवरच्या तारखा पुन्हा पुन्हा वाचत होती. रागानं का भेवानं, ते मले तवा समजलं नाई.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुड्यात. खाट टाकलेली. दिव्यानी बसली नाई. तिनं उभ्या उभ्याच इचारलं का आमच्या बाटल्या तुम्ही कोठून भरता. रुखमाबाईले वाटलं, कौतुक होऊन राह्यलं. ती आम्हाले खाली नाल्यावर घेऊन गेली. तिथी वाळूत खोदलेला एक झिरा, तोंडावर शिळा, भोवताल काट्याचं कुंपण. पाझर एवढा बारीक का उन्हाळ्यात एक गुंड भराले सकाळ जाते. हे पाणी गुड्यातलं कोणी रोज पेत नाई. देवाले, पाव्हण्याले अन् पोटाशी असलेल्या बाईले, बस तेवढंच. रुखमाबाई हासून म्हणली का पाव्हण्याले कोणी बोरिंगचं देते का.

परतीच्या वाटेवर मीच बडबडत होतो. जे तोंडाले येइन ते बोललो. गुड्याले बोललो, बंधाऱ्याले बोललो, हरिदास सराले बोललो, समोरच्या सिमेंटच्या ट्रकाले त आईबहिणीवरून बोललो. साली काय माणसं हायेत, म्हणलो. स्वतः विष पेतेत अन् आपल्याले अमृत पाजतेत, अन् त्या अमृतापायी विषाचा दवा गेला. दिव्यानी चंद्रपूर येयेपरेंत वहीतले जुने आकडे उलटून पाहात होती.

लॅबमध्ये ती सरळ हरिदास सराच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, मी बाहेरच होतो. सराइनं सगळं ऐकलं अन् उठून दार लावाले आले, पण मले पाहून तसेच राह्यले. ते म्हणले का संस्थेची मंडळी येत्या आठवड्यात येत आहेत, निबंध छापून झालाय, अन् आत्ता हे बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण आहे. तू जागा घे, तिकडे जा, शीक. पुढच्या वर्षी आपण नवीन बाटल्या भरू आणि आकडा पुन्हा वाढला असं हळूच लिहू. शास्त्रात असं होत असतं. सर खराब माणूस नाई, हाच त माहा संताप हाये. खराब असते त मले सोपं गेलं असतं. तिच्या भल्याचंच बोलत होते ते.

"सर, त्याइचा फिल्टर गेला ना," दिव्यानी म्हणली. "माह्या आकड्यानं गेला."

सर म्हणले, तो निर्णय आपण घेतलेला नाही. झालं. सगळ्याइचे हात कोरडे. सराइनं घेतला नाई, ऑफिसनं आकडा पाहून घेतला, आकडा मशीननं देला, मशीनले पाणी दिव्यानीनं पाजलं. साखळीच अशी का कोणाची गचांडी धराव ते समजत नाई.

संस्थेची मंडळी आली त्या दिवशी मी आत समोसे अन् चहा पोचवून राह्यलो होतो, म्हणून हे डोळ्यानं पाहालं. दिव्यानी उभी राह्यली. सर पहिल्याच ओळीत. तिनं बंधाऱ्याचा फोटो दाखवलाच नाई. दोन बाटल्याइचे डोंगर शेजारी शेजारी लावले अन् सांगून टाकलं का हे पाणी बोरिंगचं नोतंच, बंधाऱ्यानं काई गोड केलं का नाई ते मले ठाऊक नाई, अन् माहा आकडा धरू नका. सराचं तोंड पांढरं पडलं. पाव्हण्याइतल्या एका मॅडमनं इचारलं का नमुना तुम्ही स्वतः का नाही घेतला. दिव्यानी म्हणली, "त्याइनं मले बसवून चहा देला, मॅडम."

सारे हासले. खरं सांगतो, समोस्याचं ताट त्याइच्या डोक्यावर उलटं कराव असं मले वाटलं. हासाचं काय होतं त्यात? मॅडम हासली नाई, एवढं कबूल. ती म्हणली का तुमचा प्रामाणिकपणा मोलाचा आहे, पण नमुना आपल्या हातानं घेणं हा या शास्त्राचा पहिला धडा आहे. धडा. अरे, त्या घरी जाऊन, रुखमाबाईच्या हातची पिशवी हिसकून दाखव न माय, मंग धडा शिकव.

जागा आमच्याच लॅबमधल्या निकेशले भेटली. निकेशवर माहा राग नाई, मेहनती पोट्टा हाये. त्यानं ऊर्जानगरच्या क्वार्टराइच्या गच्चीवर धूळ मोजली. गच्चीवर चहा पाजाले कोणी येत नाई, म्हणून त्याचा आकडा शुद्ध. त्याच्या निरोपाले दिव्यानीनं हार आणला होता. घालताना ती हासली अन् मंग बाटल्या धुवाच्या खोलीत जाऊन तिनं नळ मोठा सोडला. मी बाहेर उभा राह्यलो अन् कोणाले आत जाऊ नाई देलं.

वाटलं, चला, जागा गेली त गेली, गुड्याचा फिल्टर त येइन. ती ऑफिसात गेली, मी संग होतो. तिथला साहेब म्हणला का आमच्याकडे पाणी चांगलं असल्याची नोंद आहे. तुम्हीच दिलेली. आता खराब म्हणता, तर पुन्हा वर्षभराचे आकडे आणा, मग पाहू. दिव्यानी म्हणली का साहेब, पहिल्या बाटलीचा आकडा खरा हाये, त्यावर सुरू करा. तो म्हणला, एका बाटलीवर सरकार चालत नाही. खोट्या बाटल्याइवर मात्र चाललं होतं, धडधडत चाललं होतं. मी हे तोंडावर बोललो. शिपायानं मले हाताले धरून बाहेर काढलं.

मंग आम्ही पुन्हा इरुकगुड्याले गेलो. पहिल्यापासून सगळं. रुखमाबाईनं जीप पाहाली अन् खाट टाकली. दुर्गा कडेवर तान्हं लेकरू घेऊन दारात उभी होती. दिव्यानी खाटेकडं गेलीच नाई. सरळ बोरिंगवर गेली, पिशवी खाली ठेवली अन् दांडा धरला. रुखमाबाई धावत आली, तिचा हात धरला. पाव्हणीनं नाई हापसाचं, म्हणे, लोक पाहून राह्यले. पिशवी दे इकडं.

अन् इतक्या दिवसाचं जे सराले नाई बोलली, साहेबाले नाई बोलली, ते सगळं दिव्यानी रुखमाबाईवर वरडली. वड्याचं तेल वांग्यावर. काऊन नाई सांगतलं, म्हणली. मी बोरिंगचं मोजाले येत होती, तुम्ही मले काऊन फसवलं? तुमच्या पाण्यापायी माह्यं सगळं गेलं अन् तुमचा फिल्टरही गेला. गुड्यातल्या बाया दारात आल्या. पोचू सारं आंग वळवून पाहाले लागला. मी दिव्यानीले आवरत नोतो. मलेही तेच वरडाचं होतं.

रुखमाबाईनं तिचा हात सोडला नाई. तिचा आवाज चढला नाई, पण राग तिलेही आला होता.

"बोरिंगचं पाणी खराब हाये हे आम्हाले ठाऊक नाई का? ह्याइची मान पाह्य. ठाऊक हाये म्हणूनच तुले नाई देलं. ते झिऱ्याचं दुर्गाच्या वाटचं होतं, ती पोटाशी होती. तुह्या बाटल्या भरल्या त्या दिवशी ती बोरिंगचं पेली. फसवलं म्हणते?"

दिव्यानीच्या हातचा दांडा सुटला. तिनं दुर्गाकडं पाहालं, मंग तिच्या कडेवरच्या लेकराकडं. त्याले अजून दात नोते आले.

 दुर्गानं लेकरू सासूच्या कडेवर देलं, पिशवीतली एक बाटली काढली, झाकण उघडलं, दिव्यानीनं शिकवली होती तशी धुतली, तोंडाले बोट लागू नाई देलं. मंग ती बोरिंगच्या नळीखाली धरून बसली अन् वर पाहात म्हणली, "हापस."

दिव्यानीनं दांडा धरला अन् हापसाले लागली.